हापशावरचा लांब हात

पहिली ते पाचवीच्या मुलांना चित्रकला कोणी शिकवायची, याचं उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. त्याखालच्या वर्गांना चित्रकलेचा वेगळा शिक्षक नाही. जे गुरुजी गणित घेतात, ज्या बाई मराठी घेतात, त्यांनीच चित्रही घ्यायचं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अशा कितीतरी वाड्या आणि तांडे आहेत, जिथे दोन शिक्षक मिळून चार वर्ग सांभाळतात. तिथे चित्राचा तास बहुधा शनिवारी सकाळी, कवायतीनंतर उरलेल्या वेळात होतो. हे पुस्तक त्या गुरुजींसाठी आणि त्या बाईंसाठी लिहिलं आहे. त्यांनी कलाशिक्षक पदविका केलेली नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःला चित्र येत नाही असं मनापासून वाटतं, आणि त्या तासाला काय करावं या विचारानं त्यांच्यावर दडपण येतं.

त्यांना मला आधी एक सांगायचं आहे. लहान मुलांना चित्र शिकवायला हातात चित्रकाराचं कसब असण्याची गरज नाही. समोरचं लेकरू किती वर्षांचं आहे आणि त्या वयात ते जगाकडे कसं बघतं, एवढं ओळखता आलं पाहिजे. पहिलीत सहा वर्षांचं मूल येतं आणि पाचवीतून अकरा वर्षांचं बाहेर पडतं. या पाच वर्षांत त्याची चित्राची रीत निदान दोनदा मुळापासून बदलते. गणितात आपण हे सहज मान्य करतो. पहिलीच्या मुलाला अपूर्णांक येत नाही म्हणून कोणी रागवत नाही. चित्रात मात्र पहिलीच्या मुलाच्या माणसाला धड नाही म्हणून आपण ते खोडून दाखवतो. या पुस्तकातली प्रकरणं इयत्तांनुसार लावली आहेत ती या कारणानं.

आधी आज जे चालतं त्याबद्दल. फळ्यावर दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर नारळाचं झाड आणि उतरत्या छपराची झोपडी. मुलं ते वहीत उतरवून घेतात. आपल्या भागात बालाघाटाचे डोंगर आहेत, पण त्यांचे माथे सपाट आहेत. दिसतं ते काळं रान, तूर, सोयाबीन, बांधावरची बाभूळ आणि लिंब. घरं माळवदाची, पत्र्याची, किंवा 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात नव्यानं वसवलेल्या गावांतली, सरळ ओळीत उभी असलेली. फळ्यावरचं ते दृश्य मुलानं कधी पाहिलेलं नसतं, तरी ते चित्र त्याच्या हातात इतकं बसतं की पाचवीत ‘माझं गाव’ काढायला सांगितलं तरी तेच डोंगर येतात. मूल असं का करतं, हे समजून घ्यायला हवं. सात-आठ वर्षांचं मूल प्रत्येक वस्तूसाठी एक ठरावीक आकार शोधत असतं: माणूस असा, झाड असं, घर असं. तो आकार ते स्वतः घडवतं आणि मग बरेच दिवस वापरतं. नेमक्या त्याच वयात मोठ्या माणसानं तयार आकार हातात दिला, वर ‘छान’ असा शेराही दिला, की शोध थांबतो.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियन शिक्षकानं हे नीट दाखवून दिलं आहे. 1938 नंतर तो अमेरिकेत गेला आणि 1947 मध्ये त्याचं मुलांच्या सर्जनशील व मानसिक वाढीवरचं पुस्तक आलं. त्यात एका मुलाच्या पक्ष्यांचं उदाहरण आहे. मुलानं आधी स्वतःच्या कल्पनेनं पक्षी काढले होते. मग कार्यपुस्तिकेतला छापील पक्षी त्याला नक्कल करायला आणि रंगवायला दिला. त्यानंतर त्याला पुन्हा पक्षी काढायला सांगितलं, तर तो छापील पक्ष्यासारखाच निर्जीव पक्षी काढू लागला. आपल्याकडे 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला रंगभरण स्पर्धा होतात, त्यांत वाटले जाणारे छापील कागद हेच काम करतात. रेघेबाहेर रंग गेला नाही म्हणून पहिला नंबर देताना आपण त्या मुलाच्या चित्राला बक्षीस देत नाही, आवरून घेतलेल्या हाताला देतो. हे बंद करा असं मी अगदी स्पष्ट सांगतो. स्पर्धा घ्यायचीच असेल तर कोरा कागद द्या.

आता पहिलीतलं मूल. ते माणूस काढतं तेव्हा एक मोठा गोल काढतं, त्यात दोन डोळे, एक तोंड, आणि गोलातूनच खाली दोन पाय. कधी गोलाच्या दोन्ही बाजूंनी हात फुटलेले. किनवटच्या पाड्यावरचं मूल असं काढतं आणि जर्मनीतलं मूलही असंच काढतं. रोडा केलॉग या अमेरिकन बाईंनी जगभरातल्या लहान मुलांची चित्रं जमवली, त्यांतही हा माणूस सगळीकडे भेटतो. त्याला धड का नाही? मुलाच्या लेखी माणूस म्हणजे बोलणारा चेहरा आणि चालणारे पाय. पोट अजून त्याच्या विचारात आलेलं नाही. ‘धड कुठे गेलं?’ असं विचारलं तर ते गोंधळतं आणि पुढच्या वेळी आपल्याकडे बघत बघत काढतं. त्यापेक्षा सगळ्या वर्गाला पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला सांगा. आज काय जेवलात, ते कुठे गेलं, गुदगुल्या कुठे होतात, असं बोला, हसू द्या. मग ‘मी जेवतोय’ हे चित्र काढायला द्या. कुणाच्या चित्रात धड येईल, कुणाच्या नाही येणार. ज्याच्यात आलं त्याचं ते स्वतःच्या पोटावरून आलेलं असेल आणि ते टिकेल.

या वयात रंगही वस्तूचा नसतो. गाय निळी असते, कारण निळा खडू आवडला. वस्तू कागदभर तरंगतात: एक वर, एक आडवी, एक कोपऱ्यात उलटी, कारण मूल कागद फिरवत काढत असतं. फिरवू द्या. टोकदार पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर या तीन गोष्टी या वर्गात नकोत. बोटांचे लहान स्नायू अजून तयार व्हायचे आहेत, रेघ खांद्यातून आणि कोपरातून येते. म्हणून कागद मोठा हवा आणि खडू जाड. जाड मेणखडूंचे तुकडे करून दिले तर मूल ते चिमटीत धरायला आपोआप शिकतं. कागद नसेल तर वर्गाची फरशी आणि खडू. पाटीवर ओल्या बोटानं काढलेलं चित्र उन्हाच्या दिवसांत बघता बघता वाळून जातं आणि मूल लगेच दुसरं काढतं. चुकण्याची भीती ज्याच्या मनात आधीच बसली आहे अशा मुलासाठी याच्याइतकं चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

पालक विचारतील, अक्षरं कधी शिकवणार? 2021 पासून निपुण भारतची उद्दिष्टं आहेत, तपासणी आहे, आणि त्या दडपणात पहिला बळी चित्राच्या तासाचा जातो. पण चित्र काढून झाल्यावर मूल त्याबद्दल बोलतं, ते बोलणं त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून दाखवलं, की आपण बोललेलं लिहिता येतं हे त्याला तिथेच कळतं. आपल्या दोन जिल्ह्यांत या गोष्टीला आणखी मोल आहे. देगलूर-बिलोलीकडच्या मुलाच्या घरात तेलुगू असते, उदगीरकडे कन्नड, तांड्यावर गोर बोली, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी. पहिलीतलं असं मूल महिनोन्‌महिने वर्गात गप्प बसतं आणि आपण त्याला मंद समजतो. त्याच्या हातात खडू दिला तर ते गप्प नसतं. चित्रातल्या शेळीला घरी काय म्हणतात ते विचारा, देवनागरीत लिहा, शेजारी मराठी शब्द लिहा. मला तरी अशा मुलासाठी शाळेत शिरायची याहून जवळची वाट माहीत नाही.

दुसरीच्या मध्यापासून चौथीपर्यंतचा काळ मला सगळ्यांत समृद्ध वाटतो, म्हणून या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्या वयाचं आहे. कागदाच्या तळाशी एक आडवी रेघ येते. ती जमीन. आता वस्तू तरंगत नाहीत, रेघेवर उभ्या राहतात. वर निळा पट्टा, ते आभाळ, आणि मध्ये कोरी जागा. ‘आभाळ जमिनीला टेकतं की नाही?’ असं विचारून हा पट्टा खाली ओढायला लावू नका. मुलाच्या अनुभवात आभाळ वरच असतं, आणि मध्ये काही नसतंच.

जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकानं 1927 च्या आपल्या ग्रंथात सांगितलं की या वयाचं मूल डोळ्याला दिसणारं काढत नाही, त्याला ठाऊक असलेलं काढतं. म्हणून एसटीच्या चित्रात पत्र्याआडचे प्रवासी पायांसकट दिसतात, कोंबडीच्या पोटात अंडं दिसतं, घराची भिंत असूनही आतली चूल दिसते. लातूर शहरातल्या मुलांना गंजगोलाई काढायला सांगून बघा. गोल बाजार, मधोमध जगदंबा देवीचं मंदिर, चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. आपण मोठी माणसं अडतो: वरून काढावी की समोरून? तिसरीतलं मूल अडत नाही. ते आधी एक मोठा गोल काढतं, वरून बघितल्यासारखा. मग त्या गोलाच्या कडेनं दुकानं काढतं, पण प्रत्येक दुकान समोरून बघितल्यासारखं, पाटी आणि शटर बाहेरच्या बाजूला आडवं पडलेलं. वरची दुकानं सरळ, बाजूची आडवी, खालची उलटी. मध्ये मंदिर सरळ उभं, कळसासह. माणसं रस्त्यांवर झोपल्यासारखी. वही गोल फिरवत हे चित्र वाचलं, तर तुम्ही गोलाईत उभे राहून एकेका दुकानाकडे तोंड करत फिरताय असं होतं. मुलानं तेच केलं आहे. जागा वरून आणि दर्शनी बाजू समोरून, अशा दोन नजरा त्यानं एकाच कागदावर आणल्या. डहाणू-तलासरीच्या वारली चित्रांतही गोल नाच वरून दिसतो आणि नाचणारे बाजूनं दिसतात. अशा चित्राला ‘उलटं काढलंस’ म्हणणाऱ्या शिक्षकानं आधी ती वही हातात घेऊन फिरवून बघावी.

येळवस हा असाच विषय. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर जिल्ह्यात घरं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, डोक्यावरून आणलेली आंबील, भज्जी, उंडे, आणि रानभर पंगती. ‘माझा आवडता सण’ असा विषय दिला की मुलं पणती आणि आकाशकंदील काढतात, कारण पुस्तकात तेच असतं. ‘येळवशीला तू रानात कुठे बसला होतास, शेजारी कोण होतं, कोपीत कोण शिरलं?’ असं विचारलं की चित्र पालटतं. पंगत गोल निघते, बसलेल्यांचे पाय बाहेर पसरलेले, आणि आंबिलीचा घडा आजीपेक्षा मोठा. आकार महत्त्वाप्रमाणे ठरतो, हे या वयाचं आणखी एक लक्षण. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या घरात टँकरची वाट बघत दिवस जातो, त्या घरातल्या मुलाच्या चित्रात घागर माणसाच्या छातीपर्यंत येते. ती बरोबरच आहे.

या वयाला तंत्र शिकवायचं नाही, मग शिकवायचं काय? अनुभव ताजा करून द्यायचा. लोवेनफेल्डची ही पद्धत आहे आणि आपल्या गावात ती कशी वापरता येते ते एका पाठातून सांगतो.

1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात गावोगाव हापसे आले. बहुतेक शाळांच्या आवारात किंवा वेशीजवळ एखादा असतोच. तिसरीच्या मुलांना आधी काहीही न सांगता ‘हापशावर पाणी भरणारा मुलगा’ हे चित्र काढायला द्या. बहुतेकांच्या चित्रात हापसा एकीकडे, मुलगा दुसरीकडे, हात काड्यांसारखे, दोघांचा संबंध नाही. कागद जमा करून ठेवा. दुसऱ्या दिवशी वर्ग हापशावर न्या. प्रत्येकाला हापसू द्या. एकानं दांडा धरला की बाकीच्यांनी बघायचं: टाचा उचलल्या का? पोट कुठे वाकलं? दांडा वर गेला तेव्हा हात किती ताणले? खाली आणताना अंगाचा भार कुठे पडला? बादली कुणी धरली? हे बोलणं चालू असतानाच वर्गात या आणि दुसरा कागद द्या. आता हात लांब होतात. काहींच्या चित्रात ते अंगाच्या दुप्पट होतात आणि बोटं दांड्याभोवती गुंडाळलेली असतात. एका मुलीनं या पाठात एकाच मुलाला दोनदा काढलं होतं, एकदा दांडा वर असताना आणि एकदा खाली असताना, आणि मध्ये पाण्याचे थेंब. प्रमाणाच्या हिशेबानं ही चित्रं चुकीची आहेत. पण हात ताणल्याचं अंगाला जाणवलं ते कागदावर आलं, आणि या वयात शिकणं म्हणतात ते हेच. या पाठासाठी शिक्षकाला फळ्यावर एक रेघही ओढावी लागली नाही.

चौथीच्या शेवटी आणि पाचवीत वारं फिरतं. मूल चित्रावर हाताचा आडोसा करतं. खोडून खोडून कागद झिजवतं. ‘सर, मला येत नाही, तुम्हीच काढून द्या’ हे वाक्य याच वर्गात ऐकू येतं. आता त्याला चित्र खऱ्यासारखं हवं असतं आणि हात तिथवर पोहोचत नाही. बरीच माणसं आयुष्यातलं शेवटचं चित्र याच सुमाराला काढतात. खालच्या वर्गात जे नको म्हटलं, ते आता हवं, पण मापात. आता बघायला शिकवायचं.

आपल्याकडे बघण्यासारखं दारातच बांधलेलं असतं. कंधार-लोहा-मुखेडकडची लाल कंधारी गाय, अंगभर एकसारखी गडद तांबडी. लातूरच्या बाजूची देवणी. तिच्यातला वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाला काळं. बालंक्या जवळजवळ सगळा पांढरा. शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे पट्टे-ठिपके. शेतकऱ्याचं पोर हा फरक लांबून सांगतं, माळेगावच्या यात्रेत ते वडिलांबरोबर जनावरांच्या बाजारातून फिरलेलं असतं. चित्रात मात्र तेच पोर चार काठ्यांवर पेटी ठेवल्यासारखा बैल काढतं. त्याला विचारा: शिंगं कानाच्या पुढे की मागे? वशिंड पुढच्या पायांच्या वर येतं की पोटाच्या वर? मागचा पाय कुठल्या बाजूला मोडतो? बहुतेकांना सांगता येत नाही. उत्तर न सांगता त्यांना संध्याकाळी गोठ्यात पाठवा, हातात कागद न देता, फक्त बघायला. दुसऱ्या दिवशी आठवणीतून काढू द्या. पोळ्याच्या आठवड्यात हाच बैल मातीचा करवून घ्या. वशिंडाची जागा चिमटीला कळते, मग ती पेन्सिलीला चुकत नाही. स्मरण, निरीक्षण आणि पुन्हा स्मरण, हा क्रम पाचवीला मानवतो. एका वस्तूमागे दुसरी वस्तू झाकली जाते, लांबचं लहान दिसतं, एवढं या वर्षी कळलं तरी पुष्कळ. ते पट्टीनं आखून दाखवायची गरज नाही. शाळेच्या दारातून रस्त्याकडे बघत विजेचे खांब मोजायला सांगितले की मुलं स्वतःच म्हणतात, शेवटचा खांब बोटाएवढा दिसतो.

छायाप्रकाश आणि घनता पाचवीत नको, असं माझं ठाम मत आहे. इथे आपल्या परीक्षांबद्दल बोललं पाहिजे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यांचे विषय. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांना चित्रकलेच्या वाटेला लावलं आहे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलपासून आपल्याकडे हाताला शिस्त लावणारं कलाशिक्षण रुजलं, त्याच परंपरेत या परीक्षा बसतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती शिस्त हवीही असते. पण दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, आणि ज्या भागानं ‘लातूर पॅटर्न’ घडवला तिथे गुणांची ओढ खालच्या वर्गांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. मग तिसरीतल्या मुलाला तांब्या-पेला मांडून देतात, तांब्याच्या तोंडाचा लंबगोल काढून घेतात. त्या मुलाला तांब्याचं तोंड गोल आहे हे माहीत असतं. त्यानं लंबगोल का काढावा? ते आपल्या ज्ञानाविरुद्ध जाऊन आपलं ऐकतं. पालकांना मी एवढंच सांगेन की तिसरीत केलेल्या या घाईनं आठवीत काही हाती लागत नाही. ज्यानं पाचवीपर्यंत मनमुराद काढलं, त्याला आठवीत लंबगोल थोडक्या दिवसांत समजतो.

मुलाच्या चित्राला मुलाचं चित्र म्हणून मान द्यायचा, ही कल्पना नवी नाही. फ्रान्झ चिझेकनं 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी असा वर्ग सुरू केला होता. आपल्याला इतक्या लांब जायचंही कारण नाही. सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत 1944 पासून देवी प्रसाद यांनी खेड्यातल्या मुलांबरोबर काम केलं. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तयार झालेले. शिक्षणाचा पायाच कला असावी, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला पानं, बिया, दगड, माती यांतून शिकण्याची साधनं उभी केली, तीही अशा मुलांसाठी ज्यांच्या घरात पाटीसुद्धा नव्हती. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, शाळा थोड्या आणि बहुतेक उर्दू माध्यमाच्या. उरलेल्या महाराष्ट्राच्या तुलनेत गावोगाव शाळा पोहोचायलाच इथे उशीर झाला, कलाशिक्षण तर फार पुढची गोष्ट. म्हणून सेवाग्राम-कोसबाडची शिदोरी आपण हक्कानं घ्यावी.

साहित्याचं प्रकरण मी मुद्दाम स्वस्तात बसवलं आहे. गेरू, चुना, नीळ, हळद, चुलीतला कोळसा. गेरूत थोडा डिंक घातला की तो भिंतीवरून आणि कागदावरून निघत नाही. कडब्याच्या धांड्याचं टोक ठेचलं की कुंचला होतो, कापूस गुंडाळला की बोळा. कार्यालयातले पाठकोरे कागद, लग्नपत्रिकांची मागची बाजू, सिमेंटच्या पिशव्यांचा खाकी कागद. खाकी कागदावर चुन्याची पांढरी रेघ इतकी उठून दिसते की मुलं पांढऱ्या कागदाचं नावही काढत नाहीत. चुना शिक्षकानं स्वतः भिजवावा आणि निवल्यावर द्यावा, डोळ्यांची काळजी घ्यावी. अडचण साहित्याची नसते. ती येते उन्हाळ्यात, सकाळची शाळा असते आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली मुलं परत येऊ लागतात. त्यांचे धडे मागे पडलेले असतात, ती मागच्या बाकावर बसतात. त्यांना उसाच्या फडातली कोपी, ट्रॅक्टर, चिमणीचा धूर काढू द्या. त्या दिवशी वर्गाला सांगण्यासारखं सर्वांत जास्त त्यांच्याजवळ असतं.

चित्रं काढण्याइतकंच चित्रं बघणंही हवं. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतं, जुने अंक शाळेच्या कपाटात असतात, ते बाहेर काढा. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ शिक्षकानं स्वतःसाठी वाचावं.

मूल्यमापनाबद्दल थोडं सविस्तर लिहिलं आहे, कारण नोंदवहीत ‘चित्र छान काढतो’ हे एकच वाक्य वर्षानुवर्षं पुढे जातं. त्याऐवजी प्रत्येक मुलाची महिन्यातून एक चित्रकृती तारीख घालून ठेवा. मागच्या बाजूला मूल काय म्हणालं ते दोन ओळींत लिहा. जूनमध्ये तरंगणाऱ्या वस्तू जानेवारीत रेघेवर आल्या, माणसाला मान आली, हाताला बोटं आली, एकामागे दुसरं झाड झाकलं गेलं, अशा नोंदी करा. एका मुलाचं चित्र दुसऱ्याशेजारी ठेवून बघू नका. त्याचंच जूनचं त्याच्याच जानेवारीच्या शेजारी ठेवा. पालकसभेत ही दोन चित्रं पुढे केली की आईला काही समजावून सांगावं लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: चित्रात काळा रंग दिसला म्हणून घरात काहीतरी बिघडलंय असा निष्कर्ष काढू नका. बऱ्याचदा डब्यात तेवढाच खडू उरलेला असतो. एकच भीतीचं चित्र पुन्हा पुन्हा येत असेल, तर मुलाशी शांतपणे बोला आणि जाणत्या माणसाचा सल्ला घ्या.

शेवटी, हे पुस्तक कसं वापरायचं. ज्यांच्याकडे एकच इयत्ता आहे त्यांनी आपलं प्रकरण वाचावं, पण एक इयत्ता खालचं आणि एक वरचंही वाचावं, कारण वर्गातली सगळी मुलं एकाच पायरीवर नसतात. तिसरीत अजून धड न आलेला माणूस काढणारं मूल असतं आणि आडोसा करून चित्र लपवणारंही असतं. ज्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत, तिथे चार वेगळे विषय देऊ नका. विषय एकच द्या, हापसाच द्या. पहिलीच्या मुलांना फरशीवर खडूनं, दुसरी-तिसरीला हापसून आल्यावर मोठ्या खाकी कागदावर, आणि चौथीच्या मुलांना हापशापासून दहा पावलांवर बसवून, दांडा नक्की कुठल्या खिळ्यावर फिरतो ते बघून. पहिलीचं काम सर्वांत आधी आटोपतं. त्यांना चौथीच्या मुलांजवळ नेऊन बसवा, पण चौथीच्या मुलांना आधीच सांगून ठेवा की लहानांच्या कागदाला हात लावायचा नाही.